करवतकाठाची डबी

पहिली डबी मी पाहिली ती पळसाच्या पानाची. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नसराई जवळ आली की आजी ओसरीवर बसून पत्रावळी आणि द्रोण लावायची. पत्रावळ मला लवकर जमली. पानाला पान जोडत जायचं आणि बांबूच्या बारीक काडीने टाके घालायचे, एवढंच. द्रोण मात्र जमेना. सपाट पानाला खोली येते कुठून, हेच मला कळत नव्हतं. आजी पानाची कड चिमटीत धरून एकच घडी घालायची, समोरच्या बाजूला तशीच दुसरी, आणि वर काडी टोचायची. झाला द्रोण. त्यात कढत वरण वाढलं तरी थेंब गळत नसे. माझी पानं घडीवरच चिरायची, कारण मी शिरा आडव्या मोडायची. "पोरी, शिरेसंगं जाय," ती म्हणायची, "शिरेवरून नोको जाऊ."

आजीजवळ ठेवणीतलं एकच लुगडं होतं, करवतकाठी कोशाचं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा कोसा आणि मोहाडी, आंधळगाव, पवनी इथले विणकर, दोन्ही आमच्याच भागातले. लुगड्याचं अंग मधाच्या रंगाचं होतं आणि काठ तांबडा. काठ अंगाला भिडतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी ओळ धावते, म्हणून ते नाव. दाते स्वच्छ उमटावेत म्हणून काठाचं सूत आणि अंगाचं सूत वेगवेगळ्या धोट्यांनी, एकमेकांत अडकवत विणावं लागतं, आणि त्यात दिवसचे दिवस जातात. आज या कापडाला भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की ते लुगडं निघालं म्हणजे घरात काही तरी मोठं आहे. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते दाते मोजायची आणि मोजता मोजता झोपायची.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, तिथून रंगात येते. गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाही तर नाटक असतं, लेकीबाळी माहेरी येतात, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात. या मंडईचं आवतन बाबा पोस्टकार्डावर लिहायचे. मी दहा वर्षांची असताना हट्ट धरला की यंदा कार्ड मी करणार. घरात आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ घेतली, पतंगी कागदाची फुलं डकवली, पणतीच्या ज्योतीला सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली. आणि कडेला आजीच्या लुगड्याचे दाते. मायची शिवणाची कात्री माझ्या हाताला मोठी होती. पहिल्या कार्डाचे दाते एकसारखे आले, सातव्यापर्यंत कुठे डोंगर झाले तर कुठे नुसत्या चिरा. पाकीट न चिकटवता बुकपोस्टाने धाडलं की पैसे कमी लागतात, हे बाबांनी तेव्हा शिकवलं. साकोलीकडे दिलेल्या आत्याने तिला गेलेलं कार्ड देवघरातल्या तसबिरीच्या मागे खोचून ठेवलं. पुढे किती तरी वर्षं मी तिच्या घरी गेले की आधी देव्हाऱ्याकडे बघायची आणि मग देवाला हात जोडायची.

शिक्षिका झाले आणि तुमसर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. वर्गात शेतकऱ्यांची मुलं होती, काही मॅंगनीजच्या खाणीत जाणाऱ्यांची. कार्यानुभवाचा तास मी कधी दुसऱ्या विषयाला दिला नाही. दिवाळीला, संक्रांतीला, नाताळाला आम्ही भेटकार्डं करायचो. कॅलेंडरची पाठ, उत्तरपत्रिकांची कोरी पानं, साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, जे हाती लागेल ते घ्यायचं. मी मुलांना सांगायची की पहिलं छापील नाताळ कार्ड 1843 साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना सगळ्या स्नेह्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी चित्रकार हॉर्सलीकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या प्रती छापल्या. एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्यानं सगळ्यायले एकच धाडलं का?" तिला ते बरोबर वाटलं नव्हतं. मलाही वाटत नाही. एकच मजकूर शंभर जणांना धाडला की त्यातला एकेक जण पुसट होतो.

वैनगंगेकाठी देव्हाड्याला एलोरा पेपर मिल होती. तिथे काम केलेले एक गृहस्थ शेजारी राहायचे. कागदाला शिरा असतात, हे मला त्यांनी सांगितलं. पाण्यात कालवलेला लगदा धावत्या जाळीवर पडतो, पाणी निथळतं आणि बहुतेक तंतू जाळी धावते त्या दिशेने आडवे होतात. म्हणून कागद एका दिशेने सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने घडी घातली की कुरकुरतो. ओळखायचं कसं? तळहातावर कागद धरून हलकेच वाकवायचा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. ज्या बाजूने तो मुकाट वाकेल तीच शीर. मी घरी येऊन रद्दीतला प्रत्येक कागद वाकवून पाहिला. आजी तेव्हा हयात नव्हती, नाही तर तिला सांगितलं असतं.

सासरी गल्लीच्या तोंडाशी छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दिवाळीच्या तोंडावर मिठाईची खोकी अशी कामं तिथे चालत. ट्रेडल मशीनवर खोकं कापलं जाताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि शाळेला उशीर होईस्तोवर तिथेच उभी राहिले. प्लायवूडच्या फळीत पोलादी पट्ट्या उभ्या बसवलेल्या. काही धारदार, काही बोथट आणि केसभर बुटक्या. धारेची पट्टी पुठ्ठा कापते, बोथट पट्टी नुसता वळ उठवते. एकाच दाबात कापणंही झालं आणि घडीही. पट्ट्यांच्या बाजूला स्पंजचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे कापलेला पुठ्ठा अडकून न राहता उसळून बाहेर येतो. एकाच दाबात कापायची आणि वळ पाडायची ही युक्ती मुळात अपघातातून सुचली, असं मी नंतर वाचलं. ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात 1879 च्या सुमारास बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापल्या जात होत्या. वळ पाडायची पट्टी जागची सरकली आणि हजारो पिशव्या कापल्या गेल्या. नुकसान मोठं होतं, पण गेअरना त्यात घडीचं खोकं दिसलं. जगभरच्या दुकानांत आज जी दुमडून ठेवता येणारी खोकी आहेत, ती त्या सरकलेल्या पट्टीची वंशावळ.

मला तसली खोकी घरी करायची होती. सासरे म्हणायचे, भंडाऱ्यात जन्मून कागदाचा डबा करतेस? पितळेचं कर. भंडाऱ्याची पितळी भांडी दूरवर जायची, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मात्र शाई संपलेल्या पेनने पट्टी धरून वळ पाडायची आणि ब्लेडने कापायची. वर्षाला आठ-दहा डब्या व्हायच्या, त्यापुढे शाळा आणि संसार.

मग मोबाइल आले. दिवाळीची पाकिटं येईनाशी झाली आणि पोस्टमनचं दार वाजवणं फक्त बँकेच्या कागदांपुरतं उरलं. त्या काळाबद्दल लिहावं असं माझ्याजवळ फार नाही. मी कार्डं करत राहिले, उत्तरादाखल फोनवर फुलांची चित्रं येत राहिली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजला आहे, कात्री बंद. वेणी घालता येत होती, भाकरी थापता येत होती, पण कात्रीची दोन पाती मिटताना कळ थेट कोपरापर्यंत जायची. ती दिवाळी विनाकार्डाची गेली. आत्याने फोनवर विचारलं, "अवो, यंदा डाक बंद हाय का?" मी हो म्हटलं.

बसस्टँडजवळ रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरवरची नावं, दुकानांच्या काचेवरची अक्षरं, सगळं तिथेच होतं. एकदा तिथे नुसती उभी होते. मशीनच्या पोटातून लाल रेडियम मागे-पुढे सरकत होतं, त्यावर सुईएवढं पातं डावी-उजवीकडे धावत होतं आणि 'आईचा आशीर्वाद' ही अक्षरं वेलांटीसकट कापली जात होती. कागद एका रेषेत सरकतो, पातं दुसऱ्या. दोन सरळ चालींतून हवं ते वळण निघतं. मी दुकानातल्या मुलाला विचारलं, कार्डशीट कापेल का? तो म्हणाला, "काकू, हे स्टिकर कापते, कागद नाही." पण पोरगा गुणाचा. रेडियमचा एक वाया गेलेला तुकडा उलटा करून त्याच्या चिकट बाजूवर त्याने माझा पातळ कार्डशीट बसवला, मोबाइलवरच्या फोटोवरून संगणकात करवतीचा काठ आखला आणि मशीन सोडलं. दोन मिनिटांत एक वीतभर काठ निघाला. सगळे दाते सारखे. मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला.

ते ऐकून सुनेने पुण्याहून कटिंग मशीन आणून दिलं. क्रिकट, सिल्हूट अशी त्यांची नावं असतात. रेडियमवाल्याकडे असतं त्याच जातीचं, फक्त टेबलावर मावणारं, आणि सोबत कागद धरून ठेवणारी चिकट मॅट. पात्याचं टोक दांड्याच्या मधोमध नसतं, किंचित बाजूला असतं. त्यामुळे दवाखान्यातल्या खाटेचं चाक जसं ओढाल तिकडे तोंड करतं, तसं ते कागदात ओढलं गेलं की वळणावर आपोआप फिरतं. त्या टोकाकडे मी तास तास पाहत बसते. ते कापतं तेव्हा उंदराने साळीचा दाणा कुरतडावा तसा आवाज येतो.

संक्रांतीच्या वाणासाठी मी 60 डब्या करायचं ठरवलं. तळ 6 सेंटिमीटर चौरस, उंची 4. म्हणजे चारही भिंती उघडून पसरल्या की 14 सेंटिमीटरचा चौकोन. झाकण तळाहून दीड मिलिमीटर मोठं, नाही तर पुठ्ठ्याच्या जाडीमुळे बसतच नाही. हा हिशेब चार झाकणं वाया घालवून कळला. झाकणाच्या चारही कडांना करवतकाठ, दाता 3 मिलिमीटरचा. ए-फोर आकाराच्या एका कार्डशीटमध्ये एक डबी झाकणासकट बसायची. पहिल्या दिवशी 12 डब्या कापल्या, दुमडल्या, आणि बाराही डब्यांच्या दोन-दोन भिंती घडीवर फाटल्या. रंग उडून पांढऱ्या चिरा दिसू लागल्या. मी पात्याची खोली कमी केली, पुठ्ठा बदलला, सुनेला व्हिडिओ कॉल केला. शेवटी दमून एक कार्डशीट तळहातावर घेतलं आणि वाकवलं, लांबीत, मग रुंदीत. चौकोनी डबीच्या दोन घड्या शिरेसंगं जाणार आणि दोन शिरेवरून, याला इलाज नाही. पण जिथे शीर आडवी येते तिथे वळ खोल हवा. मशीन चारही वळ सारखेच पाडत होतं. त्याला पानाच्या शिरा कोण सांगणार? तेव्हापासून त्या दोन रेघा मी संपलेल्या पेनने, पट्टी धरून, स्वतः दोनदा ओढते. या कामाला अंगठा दुखत नाही, फक्त दाब लागतो, आणि तो मनगटातून देता येतो.

या डब्या हाताच्या का, असं मला हळदीकुंकवाला आलेल्या एकीने विचारलं. मी हो म्हणाले आणि माझं ते उत्तर आजही पक्कं आहे. कापलेला कागद म्हणजे अजून डबी नव्हे. कापून सपाटच पडलेला असतो तो. घडी घातली की त्याला पोट येतं. आणि आत किती लाडू बसायचे, ते कुणाच्या घरी जायचे, झाकण घट्ट ठेवायचं की म्हाताऱ्या बोटांना निघेल असं सैल, हे सगळं कापायच्या आधी ठरलेलं असतं. आत्याचं झाकण मी सैल ठेवते.

त्या वर्षी आत्याची डबी सगळ्यांत शेवटी कापायला घेतली आणि झाकणाच्या दोन कडा झाल्यावर लाइट गेली. मशीन एकदा मध्येच बंद पडलं की आपण कुठवर आलो होतो ते त्याला आठवत नाही, आणि तो मधाच्या रंगाचा पुठ्ठा घरात शेवटचा होता. तासभर वाट पाहिली. मग मायची जुनी कात्री काढली आणि उरलेल्या दोन कडांचे दाते खिडकीच्या उजेडात कापले. चाळीस दाते. रात्री अंगठा शेकत बसले, पण डबी झाली.

साकोलीला मी स्वतःच घेऊन गेले. आत्या नव्वदीला टेकलेली, एका डोळ्याने कमी दिसतं. मला वाटत होतं की ती काठ ओळखेल, आजीच्या लुगड्याचं नाव घेईल. तिने तिळाचा लाडू तोंडात टाकला, उरलेले ताटलीत काढले, आणि रिकामी डबी हातावर घेऊन तळाला आतून अंगठ्याने दाबून पाहिलं. मग एकेक कोपरा दाबला. आजी द्रोण लावून झाला की अगदी असंच दाबायची.

"वजन धरते का व?" तिने विचारलं.

"धरते," मी म्हटलं.

निघताना तिने डबी माझ्या हातात परत ठेवली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आत्याच्या लेखी ती डबी भांडंच होती. बसमध्ये झाकण उघडलं तर आत यंदाच्या चिन्नोरचे तांदूळ, काठोकाठ दाबून भरलेले. वासाने शेजारची बाई वळून पाहू लागली. तळ वजनाने थोडा फुगला होता, पण तुमसर येईपर्यंत एकही कोपरा सुटला नव्हता.