उन्हाळा, बी.कॉम. आणि बाबासाहेबांची बंद पडलेली पेढी



वरूडात उन्हाळा लागला की आपल्या वस्तीतली कॉलेजची पोरं १४ एप्रिलपर्यंत विहाराजवळ मंडपाच्या बल्ल्या रोवताना दिसतात. त्यानंतर कुठेतरी रोजीने. मृगाचा संत्रा तोडून झालेला असतो, बागा ताणावर सोडलेल्या असतात, म्हणून बागेत काम कमी. मग बांधकाम, नाहीतर दुकान. यंदा भाचीने विचारलं, "मामा, पेपर झाले. फायनान्समंधी जा लागते मले. हे दोन महिने काय करू?"

मी स्वतः बी.कॉम. आहे. माझे तिन्ही उन्हाळे संत्र्याच्या पेट्या उचलण्यात गेले, आणि त्याची लाज नाही. पण त्या पेट्यांचा भाव कोण ठरवतो, बगीचा फुलावर असतानाच उक्ता विकून टाकणारा शेतकरी नेमकी कोणती जोखीम व्यापाऱ्याच्या गळ्यात टाकतो आणि तिची किती किंमत मोजतो, हे मी एकदाही विचारलं नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं तेव्हा आपल्या मजुरांची रोजी का बुडाली, हेही फायनान्सच आहे. ते शिकायला मुंबईला जावं लागत नाही.

मुंबई-पुण्यात मात्र उन्हाळ्याचा वेगळा अर्थ असतो. तिथल्या मुलाचा काका ब्रोकरकडे असतो, आत्या सीए असते, एक फोन होतो आणि पोरगा दोन महिने ऑफिसात बसतो. पुढे मुलाखतीत ते 'अनुभव' म्हणून मोजलं जातं. मेरिट म्हणतात त्याला! खासगी वित्तक्षेत्रात आरक्षण नाही आणि आपला काका तिथे नाही. म्हणून आपला उन्हाळा जास्त विचाराने वापरावा लागतो.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, ही भांडवलदारांची चाकरी, चळवळीच्या पोरांनी यात पडू नये. त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचावं. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांबद्दल सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं आणि पेढी बंद पडली. त्यांचा सल्ला चुकला म्हणून नव्हे. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला, १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली, आणि त्याच वर्षापासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. विमा सरकारच्याच मालकीचा असावा, ही १९४७ ची मागणीही याच माणसाची. पैशाचं यंत्र आतून माहीत असलेलाच माणूस अशी मागणी मुद्देसूद करू शकतो.

तर भाचीला पहिलं काम दिलं ते घरातलंच. तिच्या आईने गटातून ४०,००० रुपये उचलले होते. वसुलीवाला म्हणाला होता, "शेकडा एक रुपया महिना, ताई." म्हणजे वर्षाचे १२ टक्के, असं सगळ्या बायांना वाटलं. १२ हप्ते, प्रत्येकी ३,७३३ रुपये. भाचीला म्हटलं, मोबाईलवर एक्सेल उघड आणि दर महिन्याला मुद्दल किती उरते ते मांड. सहा महिन्यांत जवळपास निम्मी मुद्दल फिटलेली, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४०,००० वर. खरा दर निघाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. ती गप्पच झाली. मग कार्डाच्या घडीत एक कागद सापडला, त्यावर वार्षिक दर छापलेलाच होता, प्रोसेसिंग फी धरून थोडा जास्तच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असा कागद देणं, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, बंधनकारक आहे. कागद होता, वाचणारं कोणी नव्हतं. पुढच्या मंगळवारी तिने गटातल्या अकरा बायांचे कागद वाचून दाखवले. दोघींनी नवीन कर्जाचा विचार सोडला.

बाकीचं थोडक्यात सांगतो. टॅली आणि एक्सेल शिकाच, त्याशिवाय कोणी उभं करत नाही. सेबीची गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा मोफत आहे, ती आधी द्या, एनआयएसएमच्या पैसे भरायच्या परीक्षा नंतर. बँकेत जायचं असेल तर बार्टीच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, सरकारी बँकेत आरक्षण अजून आहे. एका कंपनीचा वार्षिक अहवाल पूर्ण वाचा, नफ्यापेक्षा रोख कुठून आली ते बघा. जूनपासून करसल्लागारांकडे विवरणपत्रांची गर्दी असते, अमरावतीत किंवा वरूडातच चार ऑफिसांत जाऊन विचारा. पण फुकट राबू नका. निदान बसभाडं आणि जेवणाचे पैसे मागा. फुकट उमेदवारी ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्यालाच परवडते.

आणि एक काम असं, जे कोणत्याही मोठ्या ऑफिसात मिळणार नाही. जयंतीची वर्गणी. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीत हिशेब मांडला गेला नाही. कोणी खाल्लं नसावं असं मला अजूनही वाटतं, पण पावत्या नव्हत्या. दोन घरं बोलेनाशी झाली, पुढच्या वर्षी दोन मिरवणुका निघाल्या. यंदा भाची आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पावतीपुस्तकं मागून घेतली. जमा-खर्च, डीजेचं बिल, भोजनदानाचा किराणा, सगळं लिहिलं. एका ज्येष्ठाने विचारलं, "आमच्यावर भरोसा नाही काय वो?" भाची म्हणाली, "आबा, भरोसा हाये, म्हणूनच लिहून ठेवतो."

हिशेबाचा कागद सध्या विहाराच्या भिंतीवर लागलेला आहे. ३४० रुपयांचा फरक येतोय, मंडपवाल्याची एक पावती सापडत नाही. तिघी रोज संध्याकाळी तीच शोधत बसतात.