फेऱ्यांची वही

माझ्या टेबलावर दोन सांधे असतात, दिसायला अगदी जुळे. एक यंत्रमानवाच्या कोपरात बसून अवकाशात जाणार, दुसरा इथेच राहणार. पाहुणे आले की नेमका पहिल्यालाच हात घालतात. "वा, काय अलगद फिरतंय हो!" मी तो हळूच काढून घेतो आणि दुसरा पुढे करतो.

निर्वातात साधं तेल-ग्रीस टिकत नाही. ते उडून जातं आणि शेजारच्या कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसतं. म्हणून बेअरिंगवर आम्ही मोलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर चढवतो. जाडी साधारण एक मायक्रॉन, रंग पेन्सिलीने घोटलेल्या कागदासारखा राखाडी. निर्वातात हा थर लाखो फेऱ्या सोसतो. दमट हवेत मात्र भराभर झिजतो. पुण्याच्या जुलैत तर एकेक फेरी महाग.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी माझा पहिला सांधा मी महिनाभर येता-जाता हाताने फिरवत राहिलो. इतका सुरेख फिरायचा की राहवायचंच नाही. मग निर्वात कक्षातल्या चाचणीत, रात्री दोनच्या सुमारास, मोटरचा करंट हळूहळू चढू लागला. सकाळी सांधा उघडला, तर गोळ्यांच्या वाटेवर राखाडी भुकटी साचलेली आणि खालचं पोलाद उघडं पडलेलं.

गॅलिलिओ यान 1989 मध्ये गुरूकडे निघालं. एप्रिल 1991 मध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना उघडायला घेतला, तर काही काड्या अडकूनच बसल्या. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामधल्या ट्रकच्या खेपांत हादऱ्यांनी पिनांवरचा कोरडा थर घासला गेला असावा, असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. छोट्या अँटेनावर मोहीम तरली खरी, पण मला त्या कथेत गुरू दिसतच नाही. महामार्गावरून धडधडत जाणारा ट्रक दिसतो.

अंतराळ स्थानकावरच्या कॅनडार्म-2 या यांत्रिक हाताचा बिघडलेला मनगटाचा सांधा जून 2002 मध्ये अंतराळवीरांनी बाहेर पडून बदलला. चंद्रावर मात्र भारताच्या 'प्रज्ञान' बग्गीच्या सहा चाकांपाशी पाना घेऊन जाणारं कोणी नव्हतं.

आता प्रत्येक सांध्याची वही असते. कुणी, कधी, कशासाठी, किती फिरवला, सगळं त्यात उतरतं. कालची नोंद नव्या मुलीच्या हातची आहे: कोरड्या नायट्रोजनमध्ये, अडीच फेऱ्या. खाली तिने आपणहून लिहिलंय, 'अर्धी फेरी चुकून जास्त झाली.'