झाड आणि घोडा

नॅलो हॉपकिन्सन यांच्या 'ब्राउन गर्ल इन द रिंग' (१९९८) या कादंबरीला वर्गीकरणाचे दोन खण सहज सापडतात: 'विज्ञानकादंबरी' आणि 'जादुई वास्तववाद'. पहिल्याला निदान आधार आहे. भविष्यातले टोरांटो, दंगलींनंतर उपनगरांत पळालेले धनिक, वाऱ्यावर सोडलेला नगरमध्य आणि प्रांताच्या प्रमुख बाईंसाठी हवे असलेले मानवी हृदय, एवढी सामग्री त्या खणात बसते. दुसऱ्या खणाला मात्र माझी हरकत आहे. तेथे अद्भुत ही निवेदनाची तऱ्हा ठरते. हॉपकिन्सन यांच्याकडे ती उपासनेची रीत आहे, आणि उपासनेला नीती असते.

ही नीती दोन पात्रांच्या विरोधातून उलगडते. आजी ग्रो-जान देवतांची सेवा करते. तिचा पूर्वीचा नवरा रूडी देवतांकडून सेवा घेतो. पोटच्या मुलीचा आत्मा त्याने एका पात्रात कोंडून ठेवला आहे आणि त्याच्या बळावर तो गुन्हेगारांचे राज्य चालवतो. माणसाचे शरीर हे कोणाच्या तरी उपयोगाचे भांडे आहे, ही रूडीची समजूत आणि हृदय मिळवण्यासाठी त्याच्याकडेच येणाऱ्या सत्तेची समजूत यांत अंतर उरत नाही. दुःस्वप्ननगरीची चिकित्सा येथे देवतांच्या शब्दकोशात केली जाते. शेवटी नात ती-जान रूडीचा अड्डा असलेल्या सी. एन. टॉवरलाच देवता उतरण्याचा मध्यस्तंभ करते. महानगराच्या उद्दामपणाचे ते काँक्रीट-चिन्ह मंडपातल्या खांबासारखे वापरले जाते, ही कल्पना मला या कादंबरीतील सर्वांत मोठी झेप वाटते.

वैजापूरला तौलनिक साहित्याच्या तासाला मी हे कथानक सांगत होते. ती-जानच्या देहात देवता उतरते तो प्रसंग आला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, तिच्या अंगात येतं?" वर्गात हसू पिकले. प्रश्न मात्र नेमका होता. मी 'आविष्ट अवस्था' असा शब्द वापरला होता, आणि त्या शब्दाला ना घाम होता ना हलगीचा आवाज. संचार, वारे येणे, अंगात येणे हे शब्द आमच्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. समीक्षेत ते शिरतात ते लोकसाहित्याच्या दाराने, तेही पादत्राणे बाहेर काढून.

त्या शब्दांकडे नीट पाहिले तर तुलनेला वेगळीच जागा मिळते. हैतीच्या वूडू परंपरेत देवता स्वार असते आणि भक्त तिचा घोडा. खंडोबाच्या उपासनेत ज्याच्या अंगात देव येतो त्याला 'झाड' म्हणतात. स्वाराच्या प्रतिमेत लगाम आहे, दौड आहे. झाडाच्या प्रतिमेत हलणे आहे, पण जागा सोडणे नाही. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या माणसांची देवता त्यांच्यावर स्वार होऊन प्रवास करते. आपली देवता जमिनीत रुतलेल्या माणसाला वाऱ्यासारखी झोंबते. (ही व्युत्पत्ती नव्हे, वाचकाची कल्पना आहे.) मराठी कादंबरीत देव गावी राहिले आणि माणसे मुंबईला गेली, याचे एक कारण या झाडात असावे असे मला वाटते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) नरकनगरीची भाषा दिली. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'ने देवाला सोडलेल्या माणसांचे जगणे दाखवले. हे दोन प्रदेश एकाच संहितेत आल्याचे उदाहरण मला चटकन आठवत नाही. देशीवादाच्या चर्चेनेही मुळांचा विचार जितका केला, तितका उपटून नेलेल्या मुळांचा केला नाही.

पण हॉपकिन्सन यांचा देवतांवरचा भरवसा जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. गवसांच्या जोगत्यांसाठी देवी ही मुक्तीची वाट नव्हती. शोषणाची यंत्रणा तिच्याच नावाने चालत होती. शिवाय बंदीचा इतिहासही वेगळा आहे. जमैकात १७६० साली टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले. बंडखोरांच्या पाठीशी ओबीया जाणणारे होते, म्हणून त्याच वर्षी मळेवाल्यांच्या सत्तेने ओबीयाविरुद्ध कायदा केला. तेथे 'अंधश्रद्धा' हा मालकाचा शब्द होता. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर, त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. येथे हा शब्द सुधारकाचा आहे आणि त्याची किंमत त्याने प्राणांनी चुकवली आहे. एकाच शब्दाच्या या दोन चरित्रांकडे दुर्लक्ष करून केलेले 'वसाहतोत्तर' वाचन मला पोकळ वाटते.

मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, आणि तरी ग्रो-जानच्या बाजूने वाचते. यात मला विसंगती दिसत नाही. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून दुसऱ्याला भीती घालणे आपल्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. त्या कलमात रूडी सहज सापडतो. ग्रो-जान आजाऱ्यांना झाडपाला आणि औषधे देते, दहशत विकत नाही. तिचा खून होतो आणि तिचे हृदय त्या प्रमुख बाईंच्या छातीत बसवले जाते. शरीर ते आधी नाकारते. मग हृदयच शरीराचा ताबा घेते, आणि शुद्धीवर आलेल्या बाईंचे धोरण पालटते. या प्रसंगावर अवयवव्यापाराचे रूपक म्हणून पुष्कळ लिहिता येईल. मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी बहुधा एवढेच विचारील, की यात झाड कोण आणि वारे कोणाचे.