समुद्र घरात आणणारी बाल्कनी

गिरगावच्या चाळीत लाकडी कठड्याला टेकून गप्पा रंगायच्या. मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारतींच्या गोलाकार बाल्कन्या आल्या, २०१८ मध्ये या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. आता वरळीच्या उंच इमारतींत काचेचं रेलिंग दिसतं. बसल्या जागी समुद्र दिसतो, छोटा फ्लॅटही मोकळा वाटतो.

पण काच निवडताना फक्त सौंदर्य पाहू नका. साधी टफन्ड काच फुटली की तुकडे खाली कोसळतात. लॅमिनेटेड काचेतला मधला थर ते धरून ठेवतो. म्हणून उंचावर टफन्ड लॅमिनेटेड काचच घ्या. खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील जास्त टिकतं. घरात लहान मुलं असतील तर रेलिंगजवळ कुंडी किंवा स्टूल ठेवू नका. दृश्य कितीही सुंदर असो, कठड्याचं पहिलं काम सांभाळण्याचंच.