सकाळी 8 वाजताची मध्यरात्र

दिल्ली विमानतळाजवळच्या एखाद्या हॉटेलात तुम्ही लग्नासाठी उतरला असाल, तर सकाळी 7 च्या सुमारास लॉबीत आम्ही तुम्हाला नक्की दिसलो असू. गणवेशातली सहा माणसं, हातात ट्रॉली बॅगा, चेहऱ्यावर रात्रीचा शिळा मेकअप. तुम्ही नाश्त्याला निघालेले असता आणि आम्ही झोपायला. मी 11 वर्षं केबिन क्रूमध्ये आहे. या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलंत तर सांगेन, भरदिवसा परक्या खोलीत झोपणं.

एरोसिटी हा भाग विमानतळाच्या आधारानेच वसलेला. मेट्रोने टर्मिनल 3 पासून एकच स्टेशन. इथल्या मोठ्या हॉटेलांच्या काचा इतक्या जाड असतात की खिडकीतून विमान दिसतं, पण त्याचा आवाज जेमतेम येतो. जवळच हायवेला लागून महिपालपूर. तिथे छोट्या हॉटेलांची रांगच्या रांग आहे, पण तिथल्या खिडक्यांकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. तसा विमानाचा आवाज आम्हाला त्रास देत नाही म्हणा. एकसारख्या घरघरीची कानांना सवय झालेली असते. झोप उडते ती मधूनच येणाऱ्या आवाजाने. दार आपटणं, बॅगेची चाकं, कॉरिडॉरमध्ये धावणारी मुलं.

आणि नोव्हेंबरात ढोल. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, तसे दिल्लीत देवउठनी एकादशीपासून. मग एका मजल्यावर वऱ्हाड आणि दुसऱ्यावर क्रू, असा संसार सुरू होतो.

कायदा आमच्या बाजूने नसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, बंद बँक्वेट हॉलमध्ये मात्र चालतो. पण माझी रात्र सकाळी 8 ला सुरू होते, तिला कुठलाच नियम लागू नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. शेजारी पार्टी चालली होती. मी तरातरा गेले आणि दार ठोठावलं. आतल्या मंडळींनी माफी मागितली, पण मी कुठल्या खोलीत शिरले तेही पाहिलं. मग तासभर माझ्या खोलीतला इंटरकॉम वाजत राहिला. उचलला की पलीकडे हसणं. त्या दिवशी मी दाराला खुर्ची लावून बसून राहिले. तेव्हापासून स्वतः दार ठोठवायचं नाही, ही शपथच आहे. तुम्हीही एकट्या प्रवास करत असाल तर हे ऐकाच. फोन करा आणि तोही थेट ड्युटी मॅनेजरला. ‘त्यांना गप्प करा’ म्हणण्यापेक्षा ‘मला दुसरी खोली द्या’ म्हटलं तर काम लवकर होतं.

त्याहून बरं म्हणजे चेक-इनच्या वेळीच बोलून घेणं. लिफ्टपासून लांबची, बँक्वेटच्या वर नसलेली आणि मुख्य म्हणजे शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नसलेली खोली मागा. ते दार कितीही जाड दिसलं तरी खालच्या फटीतून सगळं ऐकू येतं. तिथे टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवा. एसीचा पंखा ‘ऑटो’वर न ठेवता सतत चालू ठेवा, त्या घरघरीत बारीकसारीक आवाज बुडतात. पडद्यांच्या फटीला कपाटातला चिमट्यांचा हँगर लावला की मिट्ट काळोख. इअरप्लग घालणार असाल तर मोबाइल व्हायब्रेटवर उशीखाली ठेवा. नाहीतर गजर वाजेल आणि तुम्ही घोरत राहाल.

दोन वर्षांपूर्वी यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. पहाटे दुबईहून आले होते आणि रात्री 9 ला पुन्हा पिकअप. हॉटेल भरलेलं, मिळाली ती खोली मधल्या दाराची. साडेनऊला डोळा लागला आणि सव्वादहाला शेजारी संगीतच्या नाचाची तालीम सुरू झाली. एकच गाणं, प्रत्येक वेळी अगदी पहिल्यापासून. तिसऱ्यांदा फोन केला तर रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, शादी का घर है, थोडा एडजस्ट कर लीजिए.” दुसरी खोली मिळाली ती दुपारी 2 ला. तोवर झोप पार उडाली होती.

संध्याकाळी 5 ला हिशेब केला. सव्वीस तासांत जेमतेम अडीच तास झोप. प्रवासी विमानाला परवानगी देताना एक चाचणी असते. निम्मेच दरवाजे वापरून, भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. त्या 90 सेकंदांत दारापाशी मी असणार होते, आणि मला गणवेशाचं बटण लावतानाही दोनदा बघावं लागत होतं. मी क्रू डेस्कला फोन केला आणि सांगितलं, थकव्यामुळे मी फ्लाइटला फिट नाही. नोकरीत पहिल्यांदाच. आवाज कापत होता. लोक काय म्हणतील, रजा कापतील का, सगळं मनात येऊन गेलं. पलीकडून फक्त म्हणाले, “रिपोर्ट भर, स्टँडबायवाली पाठवतो.”

जेवायला खाली जाताना लिफ्टमध्ये त्या शेजारच्या खोलीतल्या काकू भेटल्या. हाताला मेहंदी, सोबत सात-आठ वर्षांची नात. तालीम तिचीच होती म्हणे. माझे डोळे बघून त्यांनी चौकशी केली, मीही सांगून टाकलं. त्यांचा चेहराच उतरला. “बेटा, एक बार बता देतीं!” रिसेप्शनवरून त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दारावर लटकणारी ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी त्यांनी पाहिली होती, पण दिवसाढवळ्या कुणी झोपलेलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तुमच्या तरी आलं असतं का? पुढच्या वेळी कॉरिडॉरमध्ये ती पाटी दिसली तर दार आपटू न देता हाताने ओढून घ्या, एवढंच.

नातीने मला डब्यातला लाडू दिला आणि नाच बघायला बोलावलं. मी येते म्हणाले, पण खोलीत जाऊन पाठ टेकली ती थेट सकाळीच जाग आली. लॉनवरचा डीजे किती वाजता थांबला, मला माहीत नाही.