उत्तर-दक्षिण उभी पानं

बर्लिनच्या प्रीस्टरवेग स्टेशनाबाहेर भिंतीलगत छातीएवढं वाढलेलं एक रोप होतं. जवळ गेले आणि थबकलेच. आपल्या ओळखीचं पान आभाळाकडे तोंड करून पसरलेलं असतं. इथे खोडावरची सगळी पानं बुडाशी पीळ घेऊन कडेवर उभी होती. पूर्वेकडून पाहिलं तर पात्यांची दाटी, दक्षिणेला जाऊन पाहिलं तर नुसत्या हिरव्या रेघा. लेकीने मोबाइलवरचं होकायंत्र पानाशी धरलं. पानांच्या कडा उत्तर-दक्षिण, सपाट अंगं पूर्व-पश्चिमेला. शेजारचं रोप तसंच. त्याच्या पुढचंही तसंच!

हे रानटी लेट्यूस, लॅक्टुका सेरिओला. डोंबिवलीच्या बाजारातही आता प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं, सँडविचमध्ये घालतात, त्या मऊ, पाणीदार लेट्यूसचा हा पूर्वज. पान उलटून मधल्या शिरेवर बोट फिरवलं तर ओळीने काटे टोचले. पान मोडलं तर पांढराशुभ्र चीक आला आणि बघता बघता तपकिरी होऊन बोटाला चिकटला. जिभेवर कडू जहर.

ठाकुर्लीत रुळांलगत उभा जन्म गेला माझा, त्यामुळे ते रोप जिथे मनसोक्त वाढलं होतं ती जागा पाहून तर मी हरखूनच गेले. स्टेशनाला लागून श्योनेबर्गर झ्यूडगेलेंडे नावाचा निसर्गपार्क आहे. हे एकेकाळचं रेल्वेचं शंटिंग यार्ड. शहराची फाळणी झाली आणि 1952 मध्ये इथली वाहतूक थांबली. रुळांमधून बर्च उगवले, जंगल झालं. पुढे तिथे नवं मालयार्ड करायचा घाट घातला गेला तेव्हा नागरिकांनी विरोध करून ते जंगल वाचवलं, आणि 2000 मध्ये अठरा हेक्टरांचा पार्क लोकांना खुला झाला. रूळ, पाण्याची उंच टाकी, एक वाफेचं इंजिन, सगळं जागच्या जागी आहे. रुळांखालची खडी उन्हात तापते, तिच्यात पाणी टिकत नाही. नेमकी अशीच जागा या लेट्यूसला मानवते. त्याचं सोटमूळ खोल जातं.

पण पानं का वळतात? जुलैत बर्लिनच्या घड्याळात सव्वा वाजतो तेव्हा तिथली खरी मध्यान्ह असते. सूर्य दक्षिणेला असतो, आणि उत्तर-दक्षिण उभ्या पानावर त्याचं ऊन फक्त कडेला लागतं. गच्च भरलेल्या लोकलच्या दारात माणूस अंग चोरून आडवा उभा राहतो, तसं पान कडक उन्हाला वाट देतं. सकाळी पूर्वेचं कोवळं ऊन एका अंगावर, संध्याकाळी पश्चिमेचं दुसऱ्या अंगावर. अन्न तयार करायला ते पुरतं, आणि भर दुपारी पाणी फारसं उडून जात नाही. अमेरिकेत वर्क आणि एलेरिंगर या संशोधकांनी 1984 मध्ये या पानांच्या दिशा मोजून तपासल्या होत्या. मला पुरावा तिथेच मिळाला: बर्चच्या सावलीत वाढलेल्या रोपाची पानं चक्क आडवी पसरलेली होती. त्याला ऊन चुकवायचं कारणच नव्हतं.

या काटेरी, कडू झाडापासून भाजी करणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. 2021 मध्ये 445 प्रकारच्या लेट्यूसांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून ते पहिल्यांदा कॉकेससच्या आसपास, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आलं असं दिसतं. आधी बहुधा पानांसाठी नव्हे, बियांच्या तेलासाठी. इजिप्तमध्ये सुफलतेचा देव मिन याच्या चित्रांत उंच लेट्यूस उभं दिसतं. चिकाच्या दुधाळ रंगामुळे ते त्याला वाहत असावेत. पिढ्यान् पिढ्या निवड करता करता काटे गेले, कडवटपणा ओसरला. वळणारी पानंही गेली, याचं मात्र मला वाईट वाटतं.

फुलं फिकट पिवळी, जेमतेम नखाएवढी, सकाळी उमलून दुपारच्या आत मिटणारी. नंतर त्यांच्या जागी पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या येतात आणि वाऱ्यावर निघतात. गाडी गेली की तिच्या झोतात रुळांवरून पुढे पुढे.

कोणाची मुलं युरोपात असतील त्यांनी जुलैत जावं, संग्रहालयांच्या यादीतून एक दुपार काढावी आणि स्टेशनामागच्या पडीक जागेत हे रोप शोधावं. फुलांसाठी सकाळी लवकर, पानांसाठी एक वाजल्यानंतर. आणि घाटावर शेतात जाणं झालं तर पाथरीचं पान मोडून पाहा. आपली ही रानभाजी लेट्यूसच्याच गोतावळ्यातली आहे. तिच्यातूनही तसाच पांढरा चीक येतो.