गरीब बाप शिक्षकच का असतो?

मराठी माणूस मराठी वाचत नाही, अशी खंत आपण अनेक परिसंवादांतून ऐकत आलो आहोत. तालुक्याच्या बसस्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलपाशी दहा मिनिटे उभे राहिले की या खंतेत दुरुस्ती करावी लागते. तो वाचतो, आणि मराठीतच वाचतो. ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘थिंक अँड ग्रो रिच’, ‘द सिक्रेट’, ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ यांचे मराठी अनुवाद स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना खेटून मांडलेले असतात. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ मागच्या रांगेत असतात. आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेच्या मुलांनी आयुष्यात पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकच पुस्तक वाचले असेल, तर ते बहुधा या पहिल्या रांगेतील असते.

मराठी विभागांत या पुस्तकांविषयी एकच वाक्य उच्चारले जाते : ते साहित्य नव्हे. हे वाक्य खरे मानले तरी त्यामुळे प्रश्न मिटत नाही. पोवाडा, बखर, लोककथा, जाहिरातीची भाषा हे सगळे आपण अभ्यासाच्या कक्षेत आणले. मग ज्या गद्यावर आपल्याच विद्यार्थ्यांची जीवनदृष्टी घडते आहे, त्याचे निवेदन, त्याची रूपके, त्याने गृहीत धरलेला नायक यांची चिकित्सा कोणी करायची? अर्थशास्त्राचा प्राध्यापक त्यातील अर्थशास्त्र तपासेल. गोष्ट तपासण्याचे काम मात्र आपले आहे, कारण ही पुस्तके मुळात गोष्टीच सांगतात.

या प्रकाराचा उगम पाहिला तर तो अगदीच बाजारू नाही. इंग्लंडमधील लीड्स शहरात काही तरुण कामगार रात्री एकमेकांना शिकवण्यासाठी जमू लागले. जागेची अडचण होती, तेव्हा त्यांनी जी खोली भाड्याने घेतली ती पूर्वी पटकीच्या रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय म्हणून वापरलेली होती. म्हणून दुसरे कोणी ती घेत नव्हते. या कामगारांसमोर सॅम्युअल स्माइल्स यांनी १८४५ च्या सुमारास जी भाषणे दिली, त्यांतून त्यांचे ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक वाढले. ते १८५९ साली, म्हणजे डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. त्यात कुंभार, विणकर, यंत्रज्ञ अशा माणसांची चरित्रे आहेत आणि भर चिकाटीवर आहे. शीर्षकामुळे हे स्वार्थाचे स्तोत्र आहे असा समज होतो, याचे स्माइल्स यांना पुढे वाईटही वाटले. पटकीच्या खोलीत बसून शिकणाऱ्या माणसांना ‘तुम्ही हे करू शकता’ असे सांगणे आणि वातानुकूलित सभागृहात शुल्क घेऊन तेच सांगणे, यांत शब्द सारखे असले तरी उच्चार वेगळा आहे.

पुढच्या ८० वर्षांत हा उच्चार बदलला. नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ साली, अमेरिकेतील महामंदीच्या काळात आले. तेथे श्रमाची जागा इच्छेने घेतली. अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्याला हे रहस्य शोधण्याची कामगिरी दिली, असे हिल सांगतात. कार्नेगींच्या चरित्रकाराला या भेटीचा पुरावा सापडलेला नाही. २००६ च्या ‘द सिक्रेट’मध्ये तर इच्छा हीच विश्वाची यंत्रणा झाली. कामगाराच्या रात्रशाळेतून निघालेला हा रस्ता अखेर नवसाच्या दारात येऊन थांबला.

रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ (१९९७) मी अनुवादात सलग वाचले ते एका विद्यार्थ्यामुळे. वर्गाबाहेर, कोणताही उद्धटपणा न करता, तो म्हणाला, “सर, यातला पुअर डॅड तुमच्यासारखा आहे. खूप शिकलेला.” त्याला ती स्तुती वाटत होती की कीव, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. पुस्तक वाचल्यावर त्याच्या विधानातील नेमकेपणा लक्षात आला. यातील गरीब बाप दारुडा नाही, आळशी नाही, जुगारी नाही. तो उच्चशिक्षित आहे, हवाई राज्याच्या शिक्षण खात्यात मोठ्या पदावर आहे, प्रामाणिक आहे. श्रीमंत बाप हा मित्राचा बाप, आठवीच्याही पुढे न शिकलेला. मुलाने दोघांचे ऐकायचे आणि एकाला निवडायचे, अशी ही रचना. जगभर लक्षावधी तरुणांनी वाचलेल्या या बोधकथेत दारिद्र्याचे प्रतीक म्हणून शिक्षक उभा केला आहे, ही गोष्ट शिक्षकांनी तरी मुकाट्याने ओलांडू नये.

वाङ्मयीन दृष्टीने या पुस्तकाचे सामर्थ्य एका शब्दाच्या अर्थांतरात आहे. हिशेबशास्त्रात घर ही मालमत्ता. कियोसाकी म्हणतात, जे तुमच्या खिशात पैसे घालते ती मालमत्ता आणि जे खिशातून काढून नेते ते दायित्व. म्हणून हप्त्यावरचे राहते घर हे दायित्व. व्याख्याच बदलल्यामुळे वाचकाला एकदम डोळे उघडल्यासारखे वाटते. चांगली कविताही परिचित शब्दाला असाच धक्का देते. फरक इतकाच की कविता त्यानंतर काही विकत नाही. या पुस्तकाला मात्र ‘कॅशफ्लो’ नावाच्या पटावरच्या खेळाची आणि पुढे चर्चासत्रांच्या व्यवसायाची सोबत आहे. त्या व्यवसायातील देण्याच्या एका खटल्यानंतर कियोसाकींच्या एका कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, हेही वाचकाला ठाऊक असलेले बरे.

या दोन बापांची गोष्ट वाचताना मला सतत ‘कोसला’ आठवत राहिली. १९६३ च्या या कादंबरीतही एक मुलगा बापाला पैशाच्या निमित्ताने जोखत असतो. गावाकडून येणारे पैसे, त्यांचा उधळपणा, बापाच्या व्यवहारीपणाचा तिटकारा, आणि तरीही त्याच पैशावर चाललेले शहरातील शिक्षण. पांडुरंग सांगवीकर शेवटी गावात परततो तेव्हा बाप आणि मुलगा यांच्यातील हिशेब चुकता झालेला नसतो, आणि तो चुकता होणारा नसतो हेच कादंबरी जाणते. कियोसाकींच्या पुस्तकात हिशेब शेवटच्या पानापर्यंत पुरा होतो; एक बाप उत्तीर्ण, दुसरा अनुत्तीर्ण. ज्याने आपल्याला वाढवले त्याला नापास करण्याची घाई हे मला या पुस्तकातील सर्वांत गरीब ठिकाण वाटते.

परंतु मराठी साहित्याच्या बाजूनेही एक जुने देणे आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण भक्तिभावाने शिकवतो. योग्य व्यवहाराने धन मिळवावे आणि ते अलिप्तपणे खर्चावे असा सल्ला देणारा अभंगही त्याच वाण्याच्या घरातला आहे. त्यातील ‘मिळवावे’ या भागावर वर्गात आपण किती वेळ थांबतो? १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिणाऱ्या लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तकही मराठीत आणले. शतपत्रे अभ्यासक्रमात राहिली, ‘लक्ष्मीज्ञान’ सूचीत गेले. जोतीराव फुले कंत्राटदार होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून त्यांनी बांधकामांची कामे केली. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) ते शेतकऱ्याच्या कर्जाची कारणे शेतकऱ्याच्या मनात शोधत नाहीत; सावकार, सरकारी कामगार, धर्माच्या नावाने होणारे खर्च, सारा आणि अज्ञान यांच्या साखळीत शोधतात. १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून तर कारखान्याच्या आवारातच एक वाङ्मयीन मासिक वाढले. म्हणजे मराठीला पैशाविषयी बोलता येत नव्हते असे नाही. ते बोलणे साहित्याच्या इतिहासातून हळूहळू बाहेर ठेवले गेले, आणि त्या रिकाम्या जागेत अनुवादित श्रीमंत बाप येऊन बसला.

आपल्या संकोचाचा पुरावा हवा असेल तर शब्दच पाहावेत. दक्षिणा, बिदागी, मानधन. काम करून घ्यायचे, पण मोबदल्याचे नाव घ्यायचे नाही, अशी सोय या शब्दांत आहे. घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मिळते त्याला ‘मानधन’ म्हणतात. मी स्वतः ७ वर्षे ते घेतले आहे. वर्षातील काही महिने तास असतात, सुटीत नसतात. बिल कधी मंजूर होईल हे सांगता येत नाही. किराणा दुकानदार मात्र दर महिन्याला भेटतो. त्या शब्दातील ‘मान’ वाण्याकडे वटत नाही. आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी सेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीही तासांवर आहे. दोन तासांच्या मधल्या वेळात तो मोबाइलवर संपत्तीविषयीची पुस्तके ऐकतो. तुझी विचारसरणीच गरीब आहे, असे त्याच्या कानात कोणीतरी सांगत असते. त्याच्या विचारसरणीत काही दोष नाही; रिक्त पद भरले जात नाही, एवढाच दोष आहे. फुले वाचलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही. पण त्याला ते माहीत असूनही तो ऐकत राहतो, कारण फुले कारण सांगतात, आणि त्याला उद्याचा उपाय हवा आहे.

म्हणून पैशाचे ज्ञान तुच्छ मानणे मला परवडणारे नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या आमच्या पिढीसाठी अंशदानाची निवृत्तिवेतन योजना आली. म्हातारपणीची भाकरी बाजाराशी जोडली गेली असताना बाजाराची बाराखडी न शिकणे याला वैराग्य म्हणता येणार नाही. महागाई दरसाल ६ टक्के राहिली तर साधारण १२ वर्षांत भाव दुप्पट होतात, हे वाक्य मला एका साध्या पुस्तकाने शिकवले आणि ते कोणत्याही सुभाषिताइतकेच जीवनोपयोगी ठरले.

या प्रकारातही प्रतवारी आहे. मॉर्गन हाउसेल यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ (२०२०) व्हरमाँटमधील रोनाल्ड रीड या सफाई कामगाराच्या गोष्टीने सुरू होते. पेट्रोल पंपावर आणि दुकानात काम केलेला हा माणूस २०१४ साली वारला तेव्हा त्याच्याजवळ ८० लाख डॉलरहून अधिक संपत्ती होती. येथवर ते नेहमीचेच पुस्तक वाटते. पण पुढे नशीब आणि जोखीम यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. बिल गेट्सला शाळेतच संगणक मिळाला हा योग, आणि त्याच शाळेतील, तितकाच हुशार मित्र केंट इव्हान्स गिर्यारोहणात लहान वयात गेला हाही योगच, असे लेखक स्वच्छ सांगतो. नायकाच्या यशात योगायोगाचा वाटा मान्य करणारे निवेदन साहित्याच्या अधिक जवळचे असते.

यंदा पदवीच्या वर्गात मी शतपत्रांतील उद्योगविषयक पत्रे शिकवताना विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीचे असे एक पुस्तक आणायला सांगितले आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. सांगणारा माणूस हे सांगून काय मिळवतो? यात ज्यांना जमले नाही त्यांची गोष्ट कोठे आहे? दिलेला हिशेब आपल्या गावच्या आकड्यांवर उतरतो का? तिसऱ्या प्रश्नावर मागच्या बाकावरील, एरवी कधीही न बोलणारी एक मुलगी उठली. तिने आईच्या बचत गटाच्या कर्जाचे व्याज, शिलाई यंत्राची किंमत आणि महिन्याचे ब्लाऊज असा हिशेब तोंडी मांडला, आणि श्रीमंत बापाचा सल्ला नेमका कोणत्या ओळीवर अडतो ते दाखवले. त्या दिवशी मराठीच्या तासाला वर्गाने वहीत आकडे उतरवून घेतले.